दस्तगीरमास्तरांच्या खुर्च्या

मावळ तालुक्यातील तमाम नागरिकांना, आणि त्यातही घरात लग्नाच्या वयाची मुले असलेल्या पालकांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, गेल्या रविवारी सायंकाळी लोणावळ्यातील एका शाळेच्या सभागृहात लग्नाच्या एका बँडपथकाने चक्क खुर्च्यांवर बसून वादन केले. पुढे घोडा नव्हता. घोड्यावर नवरदेव नव्हता. जनरेटरची गाडी नव्हती, आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून एसटीला हात दाखवणारे मुलाचे काकाही नव्हते. पथकाने तुर्कस्तानातल्या आणि बाल्कन मुलखातल्या जुन्या चाली वाजवल्या, आणि त्या ऐकायला माणसे आपल्या पायांनी आली. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. परिस्थिती नियंत्रणात आहे.

घोषणा कशी काय जमली, मास्तर?

हातात माइक नाही, पण आवाज तोच लावलाय. इतकी वर्षं मी तुमच्या पथकापुढे उभा राहून वधूवरांच्या सात पिढ्यांची नावं घेतली, आणि तुम्ही मागे उभे राहून क्लॅरिनेटची रीड जिभेवर ओली करत माझं संपायची वाट बघितलीत. "आटपा, निवेदक. रीड वाळली." माझं खरं नाव तुम्हाला माहीत होतं की नाही, याची मला अजून शंका आहे. लग्नपत्रिकेसारखे मीही तुमचे नावापुढचे सगळे किताब पाठ केले होते. पथक कुणी काढलं, कुठल्या साली, कुठली ढाल कुठे मिळाली. आज त्यातलं काही सांगणार नाही. ते ऐकताना तुम्ही नेहमी बुटाकडे बघत राहायचात.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. चाळिसावा अजून व्हायचाय. पण कार्यक्रम होऊन चार दिवस झाले आणि तुम्हाला त्याची हकिगत कुणी सांगितली नसेल. पथकातला बबन सांगेल तर अर्धी सांगेल, तुमची लेक नसीम सांगणार नाही. म्हणजे राहिलो मीच.

पाहुण्यापासून सुरुवात करतो.

तीन वर्षांपूर्वीचं पवनेच्या काठावरचं ते तंबूंमधलं लग्न. मुलीचा मेकअप संपत नव्हता, मुहूर्त केव्हाच टळला होता आणि आपण सगळे तंबूंच्या मागे टेम्पोच्या सावलीत बसलो होतो. बँडचं जेवण नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी. ताटं हातात आली तेव्हा एक उंच, गोरा, मिशीवाला पाहुणा स्वतःचं ताट घेऊन आपल्यात येऊन मांडी घालून बसला. नवरदेवाबरोबर कामाला असलेला, तुर्कस्तानातला. त्याला मांडी येत नव्हती, गुडघे कानापर्यंत येत होते. मोडक्या इंग्रजीत त्याने आपल्याला सांगितलं की त्याचा आजाही लग्नांत क्लॅरिनेट वाजवायचा आणि त्यालाही शेवटीच जेवायला मिळायचं. मग त्याने तुमच्या क्लॅरिनेटकडे बोट दाखवलं.

तुम्ही तुमचं वाद्य कुणाला हात लावू देत नव्हतात. नवरदेवाला लावू दिलं नसतंत. पण त्याला दिलंत. चार ओळी वाजवल्या असतील त्याने. आपली सनई रडते तशी ती चाल रडत नव्हती. ती एखादी जुनी गोष्ट सांगता सांगता मध्येच हसू आल्यासारखी थांबायची. मी तुमच्याकडे बघितलं. तुमच्या तोंडात जिलबीचा तुकडा होता आणि तुम्ही तो चावायचं विसरला होतात.

"हे काय होतं?" तुम्ही विचारलंत.

त्याने मोबाइलवर दाखवलं. त्याच्या गावात, बल्गेरियाच्या हद्दीजवळ, तो आणि त्याचे मित्र जुन्या चाली हुडकून परत मैफलीत वाजवतात. काही जुन्या दरबारी वह्यांमधल्या, काही हद्दीपलीकडून आलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडच्या. एकेक चाल अशी की तुर्क म्हणतात आमची, ग्रीक म्हणतात आमची, बल्गेरियावाले म्हणतात चोरलीत तुम्ही. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि मला म्हणालात, "त्याला सांगा, चौथे आम्ही."

मी हसलो. तुम्ही हसला नव्हतात, हे मला महिन्याभराने कळलं. तेव्हा पाहुण्याने पाठवलेले स्वरलिपीचे कागद छापून आणायला तुम्ही मला तळेगाव स्टेशनला पिटाळलंत. वर्तमानपत्राचा मथळा तुम्हाला चष्मा लावूनही वाचता येत नसे, पण त्या पाच रेघांवरचे काळे ठिपके तुम्ही लांबून वाचायचात. रस्त्यापलीकडच्या माणसाला ओळखावं तसे.

मग आपली भांडणं सुरू झाली. ती मला आता इतकी आठवतात की मी घरात एकटा असताना दोन्ही बाजूंनी बोलतो. बायको म्हणते डॉक्टरला दाखवा.

पहिलं भांडण भैरवाचं. पाहुण्याच्या चालींमध्ये हिजाज नावाचा एक मकाम होता. मकाम म्हणजे आपल्या रागासारखाच प्रकार, हे तुम्हीच मला शिकवलंत. मी लगेच म्हणालो, हा तर आपला सकाळचा भैरव, उगाच पासपोर्ट काढून आलाय. तुम्ही चिडलात. "रिषभ बघा, निवेदक. कोमलपेक्षा जरासा वर. गंधार जरासा खाली. दोघं एकमेकांकडे सरकलेत." मी म्हणालो, बँडच्या क्लॅरिनेटवर जरासा बिरासा काही नसतं, भोक एकतर उघडं असतं नाहीतर बंद. त्यावर तुम्ही भोकावर अर्धंच बोट ठेवून, ओठ सैल सोडून तो सूर काढून दाखवलात. मला फरक कळला नाही. मी भैरवच म्हणत राहिलो. दोन वर्षं.

दुसरी लढाई नऊ मात्रांची. वरातीचा ताल मावळातलं तान्हं पोरही ओळखतं. पण पाहुण्याची सगळ्यात लाडकी चाल नऊ मात्रांची, दोन-दोन-दोन-तीन. शेवटचं पाऊल लांब पडतं आणि माणूस दचकतो. तिकडे अशा तालांना 'अक्सक' म्हणतात, म्हणजे लंगडणारे. हे कळल्यावर तुम्ही इतके खूश झालात की चातुर्मासात, लग्नं बंद असताना, मंगल कार्यालयाच्या अंगणात सगळ्या पथकाला गोल गोल लंगडत चालायला लावलंत. कार्यालय झाडणाऱ्या मावशी हातातला झाडू टाकून धावत आल्या.

"आवो मास्तर, टेम्पो पलटला का काय? समद्यांच्याच पायाला लागलंय!"

आणि तरीही बबनला जमेना. बबन, तुमचा बेस ड्रमवाला. लग्नसराईत ढोल बडवणारा आणि एरवी पवनानगरच्या रस्त्यावर वडाप जीप चालवणारा, अंगाने त्या जीपएवढाच. एक दिवस त्याने टिपरू खाली ठेवलं.

"मास्तर, ह्ये दोन-दोन-दोन-तीन माज्या डोस्क्यात ऱ्हात न्हाई. मला आकडं नगा सांगू. गावं सांगा. गावं म्या झोपंतबी इसरत न्हाई."

तुम्ही डोळे मिटलेत. पाय आपटत पुटपुटलात. मग एकदम ओरडलात, "उर्से, काले, कार्ला, इंदुरी!"

उर्-से, का-ले, कार्-ला, इं-दु-री. दोन, दोन, दोन, तीन. बबनने जीपच्या मागे लटकणाऱ्या क्लीनरसारखी आरोळी ठोकली आणि ताल असा बसला की अंगणातली कबुतरं उडाली. मी आपला भूगोलाचा मुद्दा काढला. म्हटलं, उर्से एक्स्प्रेसवेला, काले धरणाकडे, कार्ला लोणावळ्याच्या वाटेला आणि इंदुरी पार इंद्रायणीकाठी. अशी गाडी अख्ख्या मावळात धावत नाही.

"मंग पाव्हन्याच्या मुलकात धावत आसंल," बबन म्हणाला. "तुमी बसा तर खरं."

आता बसण्याचं. मास्तर, इथपर्यंत हसत हसत आलो. आता थोडा वेळ मला हसता येणार नाही, सांभाळून घ्या.

तुमचा हट्ट होता की हा कार्यक्रम बसून होणार. वाजवणारे खुर्चीवर, ऐकणारे खुर्चीवर. पहिल्या दिवशी तुम्ही पथकाला कार्यालयातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलंत आणि चार मिनिटांत ट्रम्पेट एका गावाला, सॅक्सोफोन दुसऱ्या गावाला. कारण साधं होतं. जन्मभर चालत वाजवलेली माणसं. त्यांचा ताल हातात नव्हता, पायात होता. चालणं थांबलं की ताल थांबला. मी म्हणालो, उभं राहू द्या ना बिचाऱ्यांना. त्या व्हिडिओत बघा, तिकडेही लोक हातात हात घालून नाचतात. नाचाचं संगीत आहे ते, तुम्ही त्याची शोकसभा करताय.

"नाचायला लोक कधीही नाचतील. बसून, म्हणजे बसून."

"पण का?"

"बसून."

महिनेच्या महिने तुम्ही त्यांना खुर्चीत बसून टाचा आपटायला शिकवलंत. लाकडी स्टेजवर बूट वाजतात म्हणून बूट काढायला लावलेत. आणि तुम्ही जायच्या आदल्या दिवशी, तालमीनंतर, मी ते वाक्य बोललो. मला ते इथे लिहायचं नव्हतं. पण तुम्हाला पाठच असेल, मग लपवून उपयोग काय? मी म्हणालो, "मास्तर, तुम्हाला आता उस्ताद व्हायचंय. बँडवाला म्हणवून घ्यायची लाज वाटायला लागलीय."

तुम्ही क्लॅरिनेट पुसत होतात. पुसून झालं, तुकडे वेगळे केलेत, पेटीत आपापल्या खाचेत ठेवलेत. मग म्हणालात, "उद्या सात मात्रांची चाल घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीमचा फोन आला.

तीस वर्षं हातात माइक घेऊन जगलेल्या माणसाला माफी मागायला एक रात्र मिळाली नाही. मिळाली असती तरी मी ती माफी विनोदात गुंडाळून दिली असती आणि तुम्ही "आटपा" म्हणाला असतात. एवढं मला माहीत आहे, आणि त्याचाच थोडा आधार वाटतो.

चौथ्या दिवशी तुमच्या घरी गेलो, कार्यक्रम रद्द करतोय हे सांगायला. इंदुरीहून तुमच्या थोरल्या बहीण हलीमाआपा येऊन राहिल्या होत्या. दारात बसून तांदूळ निवडत होत्या. तांदूळ स्वच्छच होते, पण त्या निवडत होत्या. नसीमने चहा आणून ठेवला. तुमची ही लेक शाळेत गणित शिकवते आणि चेहऱ्यावरही गणिताच्या बाई असल्यासारखीच असते, त्यामुळे ती रडून झाली होती की रडायची होती, मला कळेना.

"काका, हॉल रद्द केलात?"

"अजून नाही. आता इथून गेल्यावर करतो."

"करू नका."

तांदळावरचा आपांचा हात थांबला. "काय करू नका? घरात भावाचा चाळिसावा व्हायचाय आन हिला बाजा सुचतोय!"

"फुफी, अब्बांचा कार्यक्रम आहे तो."

"आगं पर वाजवनार कोन? वाजवनारा तर गेला."

"मी," नसीम म्हणाली.

मास्तर, तुम्ही तिला घरी शिकवता हे मला ठाऊक होतं. पण बाप लेकीला पोहायला किंवा सायकल चालवायला शिकवतो, तसलंच काहीतरी असेल असं मी धरून चाललो होतो. मी तसं काहीसं बोलूनही गेलो. तिने माझ्याकडे चुकलेलं उत्तर लिहिणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बघितलं.

"काका, खुर्च्या कशासाठी होत्या, ते अब्बांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

नव्हतं.

मग तिने सांगितलं. सातवीत असताना ती तुमच्यापाशी हटून बसली होती, मला वरातीत घेऊन चला, मला तुमच्या शेजारी वाजवायचंय. तुम्ही नाही म्हणालात. म्हणालात, तिथे कुणी ऐकत नाही, नुसते नाचतात, आणि नाचताना आपला धक्का कुणाला लागतोय याची शुद्ध नसते त्यांना. ज्या दिवशी समोरची माणसं बसतील, त्या दिवशी तू माझ्या शेजारी बस. "मी पंचवीस वर्षं वाट बघितली, काका. मग अब्बा त्या पवनेच्या लग्नाहून आले. चाल नंतर ऐकवली त्यांनी. आधी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, नसीम, बघ. हे बँडवाले बसलेत."

मी विचारलं, हे मला का सांगितलं नाही त्यांनी?

"म्हणाले, निवेदकाला सांगितलं तर तो माइकवर जाहीर करील. आणि मग मी घाबरेन."

यात चूक काढायला जागा नाही, मास्तर. मी केलं असतं.

आपा मात्र ऐकत नव्हत्या. सूप बाजूला सारून त्या माझ्याकडे वळल्या, जणू काही सगळ्या मावळाच्या वतीने मीच तिथे बसलो होतो. "माज्या भावानं किती लग्नं वाजिवली? त्याच्यामागनं किती नवऱ्या नांदायला गेल्या? कुनी त्याला म्हनलं, दस्तगीर, पैल्या पंगतीला बस? मी इंदुरीला सासरी आले तवा बाजेवाल्याची भैन म्हनून आले आन आजून तशीच हाय. आता पोरीलाबी तसंच उभं करायचं लोकांम्होरं?"

"उभं नाही, फुफी. बसायचंय."

"तू बस न्हाईतर उबी ऱ्हा. म्या न्हाई यायची."

दोन्हींकडे दुःखच होतं, आणि एकाच माणसाचं. मी चहा संपवला आणि निघालो. हॉल रद्द केला नाही.

नंतरच्या नऊ दिवसांत तुमच्या पथकाची जी तारांबळ उडाली ती बघायला तुम्ही हवे होतात. ही दांडगी माणसं एका गणिताच्या बाईंपुढे वर्गात बसल्यासारखी बसायची. सॅक्सोफोनवाला चुकला की आपसूक उभाच राहायचा. नसीम तुमच्यासारखी "पुन्हा" म्हणत नाही. ती म्हणते, "कुठे चुकलं ते तुम्हीच सांगा." त्याला पथक जास्त घाबरतं. पहिले दोन-तीन दिवस तिच्या ओठांतून रीड सारखी चिरकत होती, तेव्हा एकदा बबन म्हणाला, "ताई, तुमी घरी सयपाकघरात वाजिवता तसंच वाजवा. आमी भांडी हाय आसं समजा." ती पहिल्यांदा हसली. त्या दिवसापासून ती तुमच्या खुर्चीवर बसायला लागली. तोवर तुमची खुर्ची मोकळी ठेवून ती शेजारच्या खुर्चीवर बसत होती. मी ती खुर्ची हलवायला गेलो नाही. मग तिची जी खुर्ची मोकळी झाली, ती मधोमध ठेवून तुमच्या नावाने हार घालायची एक कल्पना माझ्या डोक्यात आली होती, हे कबूल करतो. चांगली नाटकी कल्पना होती. नसीम म्हणाली, "काका, तिथे अजून एक ट्रम्पेट बसवा." तुमचीच लेक.

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही अस्वस्थ होणार नाही. सभागृह भरलं. पुढच्या रांगांत लोणावळ्यातले शिक्षक, बँकेतली माणसं, निवृत्त रेल्वेवाले. मागे बबनच्या जीपचा अख्खा रूट. त्याने आठवडाभर प्रवाशांना बजावलं होतं की रविवारी आला नाहीत तर सोमवारी दप्तरासकट टपावर बसवीन. पाहुण्याने तिकडून निरोप पाठवला की त्याच दिवशी त्यांच्या मैफलीत त्यांनीही तीच चाल घेतली आणि ती तुमच्या नावाने वाजवली. म्हणजे बल्गेरियाच्या हद्दीवर कुणीतरी दस्तगीर हे नाव उच्चारलं, मास्तर, आणि चुकीचंच उच्चारलं असणार. फिटंफाट. तळेगावच्या दोन शाळांनी पथकाला बोलावलंय. लग्नसराईचं काय, असं मी बबनला विचारलं, तर तो म्हणाला, वरात बी वाजवू की, पर जेवान वरातीच्या आधी घेनार, बसून. ही अट त्याने खरोखरच एका मुलीच्या बापाला घातली आहे, आणि बाप हो म्हणालाय. तुम्ही हयातीत जे मागितलं नाहीत ते बबनने मागितलं. तो म्हणतो, मास्तरांनीच बसायची सवय लावली.

कार्यक्रमाच्या आधी मी बोलणार होतो. तीन पानं लिहिली होती. तुर्की सुलतान होते, बाल्कनचे डोंगर होते, मावळचे डोंगर होते, तिन्हींची मोट बांधणारं एक लांबलचक वाक्य होतं. माइकपुढे गेलो, समोरच्या अंधारात नीट बसलेली ती सगळी माणसं बघितली आणि फक्त एवढंच म्हणालो, "दस्तगीरमास्तरांचं बँडपथक. बसून." आणि बाजूला झालो. तुमच्या आयुष्यात माझं इतकं लहान निवेदन तुम्ही कधी ऐकलं नसेल. तुम्ही नसताना ते जमावं, हा तुमचा नेहमीचा वक्तशीरपणा.

तेवढ्यात दार उघडलं. बबनचा पुतण्या जीप घेऊन इंदुरीला गेला होता आणि घरी परतलेल्या आपांना म्हणाला होता, गाडी रिकामीच चाललीय, बसा. आपा आत आल्या. पुढे चला म्हटलं तर आल्या नाहीत. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या, चप्पल पायात, पिशवी मांडीवर. निघायच्या बेतानेच बसलेल्या.

तुम्ही ठरवलेल्या क्रमानेच सगळं झालं. आधी सात मात्रांची चाल, मग ती संथ दरबारी चाल, जिच्यात ट्रम्पेट पहिल्यांदाच कुजबुजला. लोक ऐकत होते. खरोखर ऐकत होते, मास्तर. एक आजोबा खोकला आला तर रुमालात तोंड घालून खोकत होते. आणि मग ती नऊ मात्रांची चाल. तिच्याआधी क्लॅरिनेट एकटंच, तालाशिवाय, आपल्या आलापासारखं वाजतं, आणि ते संपलं की बबनचा ड्रम पडतो.

नसीमने डोळे मिटले नाहीत. समोर, दाराकडे बघत तिने पहिला सूर लावला. तो किंचित कापला. दुसरा चिरकला. पुढच्या रांगेत कुणीतरी मान खाली घातली. ती थांबली नाही. खालच्या सुरांत गेली, तिथे थोडी घुटमळली, आणि मग भोकावर अर्धंच बोट ठेवून, ओठ सैल सोडून तिने रिषभ लावला. कोमलपेक्षा जरासा वर. गंधार जरासा खाली. दोघं एकमेकांकडे सरकलेले.

भैरव नाही तो, मास्तर. मला ऐकू आलं. दोन वर्षं उशिरा, पण आलं. तुम्ही जिंकलात.

ती वर गेली आणि गोष्ट सांगता सांगता हसू आल्यासारखी मध्येच अडली, पवनेच्या काठावर पाहुणा अडला होता तशी नाही, तुम्ही अडायचात तशीही नाही, तिची तिचीच. मग तो लांब सूर हळूहळू उतरवत तिने घरी आणून ठेवला आणि क्लॅरिनेट ओठांपासून दूर केलं. इथे बबनचा ड्रम पडायचा होता.

पडला नाही. बबनचं टिपरू हवेत तसंच होतं आणि त्या जीपएवढ्या माणसाच्या गालांवरून पाणी खाली चाललं होतं. त्याला कुठलंच गाव आठवत नव्हतं. पथक त्याच्याकडे बघत होतं, नसीम पथकाकडे. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना. त्या शांततेत मी माइककडे हात नेला, कारण शांतता दिसली की तोंड घालायचं एवढंच मी जन्मभर केलंय. नसीमने क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. तिचा चेहरा बघून मला वाटलं, आता ही उठून आत जाणार.

आणि मागून, दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवरून, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा खणखणीत इंदुरीच्या आवाजात हलीमाआपा ओरडल्या:

"थांबलीस का गं? वाजीव की! आमी बसलोय!"